कोकणात गाडी वापरताय? चासी आणि खालचा पत्रा गंजापासून कसा वाचवायचा

आमच्या जीपला नवीन घेतानाच अंडरबॉडी कोटिंग करून घेतलं होतं. बारा वर्षं खाली वाकून पाहिलं की सगळं काळंकुळकुळीत, एकसारखं दिसायचं. आम्ही निर्धास्त. मग मागचे शॉकअप बदलायला गाडी मेस्त्रीकडे नेली. त्याने ती रॅम्पवर चढवली आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, ठोकत मागे मागे गेला. टण्, टण्, टण्, आणि शेवटच्या आडव्या पट्टीपाशी भद्. त्याने स्क्रूड्रायव्हर उलटा धरून टोक दाबलं तर ते सरळ आत गेलं. काळ्या कोटाचं सालपट लोंबायला लागलं आणि त्याच्या मागून मूठभर लाल भुगा खाली पडला.

"भाऊ, हा कोट तेवढा उरलाय. पत्रा कधीच गेला."

त्यानंतर वेल्डिंग, पट्ट्या, मजुरी असं सगळं यथासांग झालं. तेव्हापासून मी हे काम स्वतः करतो. आमची जीप, भावाची छोटी गाडी आणि वाडीतल्या आणखी दोन. पहिल्यांदा करताना ज्या चुका झाल्या त्या तुमच्या होऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

काम हाती घेण्याआधी

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते तुम्ही पाहिलंच असेल. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि स्वतःच विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते तर त्याहून कोरड्या हवेतही ओलावतात. चासीच्या सांध्यात अडकलेली खारी माती म्हणजे अशीच एक बरणी. गाडी पडवीत कोरडी दिसते, पण आतला पत्रा रात्रभर खाऱ्या ओलीत असतो. त्यात आपली जांभ्याची लाल माती. ती एकदा खाचेत बसली की पाणी धरून ठेवते.

दुसरी गोष्ट, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. म्हणून तो वरचा रंग उचलतो, फुगे आणतो, पोपडे काढतो. गंजावर कितीही जाड कोट चढवा, खालून तो उचलला जाणार. आणि चासीच्या नळ्या, दारांचे तळ, दाराखालचे उंबरे हे सगळे आतून पोकळ असतात. गंज तिथे आत सुरू होतो. बाहेर फुगा दिसेपर्यंत आतला निम्मा खेळ झालेला असतो. आमच्या जीपचं हेच झालं. बाहेरून काळा कोट, आत उघडा पत्रा.

१. गाडीखाली स्वतः झोपून बघा

कोटिंगवाल्याला फोन करायच्या आधी हे करा. एक टॉर्च, एक स्क्रूड्रायव्हर, जमलं तर मोबाइलला जोडायचा वायरचा छोटा कॅमेरा. असा कॅमेरा ऑनलाइन स्वस्तात मिळतो आणि या सगळ्या कामात माझा सर्वांत वसूल झालेला खर्च तोच आहे.

चासीला जागोजाग गोल भोकं असतात, त्यातून कॅमेरा आत सरकवा. मी पहिल्यांदा घातला तेव्हा आत लाल चिखलाचा बोटभर थर होता, आणि पाणी निघायच्या भोकांपैकी दोन कुंभारीण माशीने मातीने लिंपून बंद केलेली. बाईने घर बांधलं आणि आमच्या चासीचं तळं झालं.

ठोकताना आवाज ऐका. कुठे बद्द आवाज आला तर तिथे खडूने खूण करा. स्क्रूड्रायव्हरचं टोक आत जात असेल तर इथेच थांबा. आधी वेल्डिंग, मग कोटिंग. क्रम उलटा केलात तर वेल्डिंगच्या आचेने कोट जळतो, आणि पोकळीत घातलेलं मेण पेट घेऊ शकतं. वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढायला लावा आणि टाकीच्या जवळ काम असेल तर टाकी उतरवायला सांगा. मेस्त्री "काय होत नाय" म्हणेल, तरी सांगा.

गाडीच्या आतही बघा. पायपोस उचला, खालचा गालिचा दाबून बघा. पावसाळ्यात ओल्या चपलांचं पाणी रबरी पायपोसाखाली मुरतं, एसीची पाण्याची नळी तुंबली तर तेही तिथेच येतं, आणि तळाचा पत्रा वरून खाली सडत जातो. खालून कितीही कोट मारा, याला काही उपाय नाही. गालिचा ओला असेल तर उचलून सुकवा आणि पाणी कुठून येतंय ते शोधा.

२. कुठला कोट कुठे

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण विकणारे सगळ्यालाच "अँटी-रस्ट" म्हणतात. टेफ्लॉन कोटिंग वरच्या रंगाच्या चकाकीसाठी असतं, त्याचा खालच्या पत्र्याशी संबंध नाही. सायलेन्सर कोटिंग वेगळं, ते उष्णता सोसणारं असतं. पॅकेजमध्ये तिन्ही एकत्र विकतात आणि आपण समजतो खालचं काम झालं.

खालच्या कामाला साधारण तीन जातीचे कोट मिळतात.

*डांबरी कोट.* स्वस्त. गॅरेजमध्ये ब्रशने मारतात. दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होतो, तडे जातात, तड्यातून पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट नसते. मी वापरत नाही.

*रबरी कोट.* जाड, खडबडीत, दगडांचा मारा चांगला सोसतो, आवाजही कमी करतो. चाकांच्या वरच्या कमानीत हा उत्तम, कारण तिथे खडी सतत आपटते. पण अट एकच, खालचा पत्रा स्वच्छ आणि कोरडा हवा. गंजावर रबरी कोट मारणं म्हणजे गंजाला गोधडी पांघरणं.

*मेणाचा किंवा लॅनोलिनचा कोट.* लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. हे कोट पूर्ण वाळत नाहीत, मऊ राहतात, सांध्यात स्वतःहून झिरपतात. ओरखडा गेला तरी बाजूचं मेण थोडं सरकून तो भरतं. तोटा हा की पाण्याच्या जोराने धुऊन जातं, दरवर्षी पुन्हा मारावं लागतं आणि सुरुवातीला धूळ चिकटते. पोकळ भागांसाठी याला पर्याय नाही.

माझं मत विचाराल तर समुद्रापासून दहा-पंधरा किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनी आत मेण, कमानीत रबरी आणि बाकी चासीवर प्रायमर, रंग आणि वरून मेण असं करावं. कॅनडात रस्त्यावरच्या बर्फावर मीठ टाकतात, आणि तिथे असा तेलकट फवारा दरवर्षी मारून घ्यायची पद्धत आहे. आपल्याकडे मीठ वाऱ्यानेच येतं.

जळक्या ऑइलबद्दल दोन शब्द. गावोगाव इंजिनचं जुनं काळं ऑइल डिझेलमध्ये मिसळून खालून फवारतात. गंज थोडा थांबतो हे खरं. पण ते ऑइल बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) आणि बूट (सांध्यांवरची रबरी आवरणं) फुगवतं, अंगाला लागलेलं चांगलं नाही, आणि पहिल्याच पावसात पऱ्ह्यात नाहीतर विहिरीकडे वाहत जातं. लॅनोलिन त्याहून महाग पडतं, पण विहीर आपलीच आहे.

३. सामान आणि कागद

- जॅक, दोन किंवा चार जॅक स्टँड, चाकांना लावायला लाकडी ठोकळे
- तारेचा ब्रश, खरडायची पत्री, ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर
- गंज कन्व्हर्टर, इपॉक्सी किंवा झिंक फॉस्फेट प्रायमर, चासीचा काळा रंग
- रबरी कोटाचे आणि मेणाचे स्प्रे कॅन, पोकळीत घालायची लांब लवचिक नळी
- मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रं, प्लास्टिकच्या पिशव्या
- गॉगल, मास्क, हातमोजे, टोपी

गॉगलवर काटकसर करू नका. खाली झोपून ब्रश मारताना गंजाची खपली डोळ्यातच पडते.

कागदांमध्ये वॉरंटी पुस्तिका हाताशी ठेवा. गाडी वॉरंटीत असेल तर पत्र्याच्या गंजाबद्दल त्यात काय लिहिलंय ते वाचा, आणि कुणी "आत फवारायला भोक पाडतो" म्हणालं तर पाडू देऊ नका. कंपनीने बॉडी बुडवून आतबाहेर ईडी कोट (विजेच्या मदतीने बसवलेला प्रायमर) चढवलेला असतो, नव्या भोकाच्या कडेला तो तुटतो. दुसऱ्याकडून काम करून घेणार असाल तर आधीचे आणि नंतरचे फोटो काढा आणि बिलावर मालाचं नाव लिहून घ्या, नुसतं "कोटिंग" नको. विम्यावर भरवसा ठेवू नका. गंज हा झिजेत मोडतो, त्याचे पैसे मिळत नाहीत.

४. धुणं

वेळ निवडा, एप्रिल किंवा मेचा पहिला आठवडा. वळवाचा भरवसा नसतो.

प्रेशरचा पंप असेल तर उत्तम, नाहीतर साधी नळी आणि धीर. आधी कमानींच्या वरच्या कडा, मग चासीच्या बाहेरून, आणि शेवटी नळी चासीच्या भोकात घालून आतून. लाल पाणी येतं, येत राहतं. नितळ पाणी येईपर्यंत सोडायचं नाही. आमच्या जीपला पाऊण तास लागला. पाणी निघायची भोकं काडीने मोकळी करा, दारांच्या तळाची पण. ग्रीस आणि ऑइलचे डाग डीग्रीझरने काढा, नाहीतर त्यावर प्रायमर धरत नाही.

किनाऱ्यावरच्या लोकांची एक खास चूक सांगतो. विहिरीचं पाणी मचूळ आहे का ते आधी चाखून बघा. मेमध्ये बऱ्याच विहिरी मचूळ होतात. त्या पाण्याने चासी आतून धुतलीत तर मीठ काढायच्या नावाखाली तुम्ही मीठ भरताय. मी पहिल्या वर्षी हेच केलं. आता नळाचं पाणी टाकीत साठवून वापरतो.

५. वाळवणं

वॉशिंग सेंटरवाला सकाळी गाडी धुतो आणि दुपारी कोट मारून देतो. या अर्ध्या दिवसात सगळी गोम आहे. वरून हात लावला तर कोरडं वाटतं, पण जिथे दोन पत्रे एकमेकांवर बसवून स्पॉट वेल्ड केलेत तिथे पाणी केशाकर्षणाने अडकलेलं असतं. वर कोट बसला की ते कायमचं कोंडलं.

माझी पद्धत अशी. धुऊन झालं की वीस-तीस किलोमीटर कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी फिरवायची. परत आल्यावर कंप्रेसरची हवा सांध्यांत मारायची. मग दोन पूर्ण दिवस उन्हात, पुढची बाजू थोडी उंचावर ठेवून. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्राची अरुंद पट्टी सांध्यात सरकवून बघायची. कागद ओला आला तर आणखी एक दिवस. कंटाळा येतो, खरं आहे.

६. खरडणं, कन्व्हर्टर, प्रायमर

गाडी जॅकवर घ्या, पण नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली जाऊ नका. स्टँड लावा, चाकांना ठोकळे द्या, गाडी हलवून बघा, मग झोपा.

सुटी खपली सगळी काढा. खडूची खूण केलेल्या जागी जास्त वेळ द्या. चकचकीत पत्रा दिसलाच पाहिजे असं नाही. खाचांमध्ये घट्ट बसलेला गंज थोडा राहतोच, आणि कन्व्हर्टर त्याच्यासाठीच असतो. त्यात फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्ल असतं. ते गंजाशी संयोग होऊन काळसर, स्थिर थर बनवतं. स्वच्छ पत्र्यावर त्याचा उपयोग नाही आणि सुट्या खपलीवरही नाही. काही कन्व्हर्टर नंतर धुवावे लागतात, काही नाहीत. डब्यावर लिहिलेलं वाचा.

मग प्रायमर. हार्डवेअरमध्ये मागितलं की रेड ऑक्साइड देतील. ते वाईट नाही, पण नुसतं रेड ऑक्साइड मारून सोडून देऊ नका. ते पाणी अडवत नाही, वर रंग हवाच. इपॉक्सी परवडत असेल तर तेच घ्या.

चासी नंबर घासू नका. जीपसारख्या गाड्यांना तो चासीवर, बहुधा पुढच्या चाकाजवळ ठोकलेला असतो. आरटीओच्या कामात त्याची पेन्सिलीने छाप घ्यावी लागते. ग्राइंडर फिरवलात किंवा जाड रबरी कोट चढवलात तर पुढे पंचाईत. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांनी तपासणी करून पुढच्या ५ वर्षांसाठी वाढवावं लागतं, तेव्हा हा नंबर वाचता आला पाहिजे. त्या जागी फडक्याने माती पुसा आणि ग्रीसचा पातळ हात द्या, तेवढं पुरे.

७. झाकायचं काय

या वस्तूंवर कुठलाच कोट उडता कामा नये:

- ब्रेकच्या डिस्क, ड्रम, कॅलिपर आणि हँडब्रेकची केबल
- सायलेन्सर आणि त्याचा पूर्ण पाइप, त्यावरचे सेन्सर
- शॉकअपचा चकचकीत रॉड, रबरी बुश, ड्राइव्ह शाफ्टचे बूट
- चाकाजवळचे सेन्सर आणि वायरींचे जोड
- इंजिन ऑइलचा बोल्ट, रेडिएटर

डिस्कवर मेण उडालं तर ब्रेक लागत नाहीत. सायलेन्सरवर उडालं तर धूर येतो आणि पेटूही शकतं. इलेक्ट्रिक गाडी असेल तर बॅटरीच्या पेटीला हातच लावू नका, सर्व्हिस सेंटरला विचारा.

आणि पाणी निघायची भोकं. त्यात आगपेटीच्या काड्या खोचून ठेवा, काम झालं की काढा. माझ्या पाहण्यात कोटिंग केलेल्या ज्या गाड्या सडल्या, त्यातल्या बहुतेकांची ही भोकं कोटानेच बुजलेली होती.

८. आधी आतून, मग बाहेरून

पोकळ्यांमध्ये मेण. लांब नळी चासीच्या भोकातून आत सरकवा, शेवटापर्यंत न्या आणि बटण दाबून सावकाश बाहेर ओढत या. नळीच्या टोकाला चारी बाजूंनी उडवणारा नोझल हवा, सरळ धार नको. दाराखालच्या उंबऱ्यांना रबरी बुचं असतात, ती काढून आत फवारा आणि बुचं परत लावा. दारांच्या तळात वरून काचेच्या खाचेतून न मारता दाराचं आतलं कव्हर काढून मारा, नाहीतर काच चिकट होते. किती पुरे? खालच्या भोकांतून थेंब पडायला लागले की पुरे. कॅमेरा घालून खात्री करा.

बाहेरच्या बाजूला प्रायमर पूर्ण वाळल्यावर रंगाचे दोन पातळ हात, कमानीत रबरी कोटाचे दोन किंवा तीन पातळ हात. एकच जाड हात मारायचा मोह होतो. तो वरून वाळतो, आतून कच्चा राहतो. वीस-तीस सेंटिमीटरवरून, हात चालता ठेवून मारा. रंग वाळला की सगळ्यावर मेण.

हे सगळं उघड्यावर करा आणि जवळ कुणी विडी ओढत असेल तर त्याला लांब घालवा. कॅनमधला वायू पेट घेतो.

पुढचे तीन-चार दिवस मेण ठिबकतं. गाडीखाली गोणपाट किंवा पुठ्ठा टाका. मी टाकला नव्हता. आईने पडवीच्या लाद्या घासताना जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

९. नंतरची देखभाल

फेरीने येजा असेल तर, दाभोळ-धोपावे म्हणा, जयगड-तवसाळ म्हणा, नाहीतर वेसवी-बागमांडले, भरतीच्या वेळी धक्क्यावर चढता-उतरताना चाकं खाडीच्या पाण्यातून जातात. घरी आलात की त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याची नळी मारा. साबण नको. वाळूत गाडी घालायची हौस असलेल्यांना मी काही सांगत नाही, त्यांना भरती सांगते.

पावसात प्लास्टिकचं कव्हर घालून गाडी महिनाभर उभी ठेवू नका, आत ओल कोंडते. छप्पर असलं आणि बाजूंनी वारा आला की कव्हर लागत नाही. वायपरखालच्या जाळीत आंब्याची पानं साचतात ती काढत राहा, तिथलं पाणी तुंबलं की थेट आत उतरतं.

गौरी-गणपतीला गाडी मुंबईहून येऊन-जाऊन चिखलाने भरलेली असते, तेव्हा एकदा धुवा. खरी तपासणी ऑक्टोबरात, हवा कोरडी झाल्यावर. पुन्हा टॉर्च, स्क्रूड्रायव्हर, कॅमेरा. जिथे मेण धुऊन गेलंय तिथे हात द्या, जिथे रबरी कोट उचललाय तिथे तेवढाच कापून काढा आणि त्याखाली बघा.

गेल्या ऑक्टोबरात कॅमेरा घातला तर चासी आतून पिवळसर, मेणाने माखलेली, कोरडी. डाव्या बाजूच्या तिसऱ्या भोकात मात्र कुंभारणीने पुन्हा घर बांधलं होतं. काडी घेतली आणि मोकळं केलं.